यंत्रांचे बारसे

१९३५ सालची गोष्ट. म्हैसूरच्या महाराजा कॉलेजात मानसशास्त्र शिकविणारे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी 'विठ्ठल विहार' या आपल्या घरी एक लहानसे ध्वनिक्षेपण केंद्र सुरू केले. त्या केंद्राला नाव मिळाले 'आकाशवाणी'. विद्या अगदी नवी होती. परंतु नाव असे, की पुराणांतून ते पिढ्यान्‌पिढ्या कानांवर पडत आलेले. कंसाला सावध करणारी जी वाणी, तिचेच नाव तारेवाचून येणाऱ्या आवाजाला मिळाले, आणि ते इतके चपखल बसले की पुढे साऱ्या देशाच्या नभोवाणीने ते आपलेसे केले.

त्याच काळात ध्वनिक्षेपण केंद्रांना आणखीही एक नाव असे. ते श्रोत्यांसाठी नसून दप्तरासाठी असे. मुंबई केंद्राची खूण 'व्हीयूबी', दिल्लीची 'व्हीयूडी', मद्रासची 'व्हीयूएम'. पहिली दोन अक्षरे देशाची आणि शेवटचे अक्षर शहराचे. संध्याकाळी गाणे ऐकावयास बसलेल्या कोणाही गृहस्थाने 'जरा व्हीयूबी लाव' असे आपल्या मुलाला सांगितले नसेल. आणि कोणते केंद्र कोणत्या देशाचे हे क्षणात ओळखण्यासाठी 'आकाशवाणी' हे सुंदर नाव परदेशातील अभियंत्याच्या उपयोगी पडले नसते. एक नाव माणसांचे, दुसरे नोंदवहीचे. आपल्या घरांतूनही हीच रीत आहे. पत्रिकेतले जन्मनाव पत्रिकेत राहते, हाक मारावयाचे नाव निराळे असते. आणि दोन्ही नावे सुखाने नांदतात, कारण दोघांची कामे वेगळी आहेत.

ही साधी गोष्ट आज मुद्दाम सांगावयाचे कारण असे की, आपल्या कचेऱ्यांतून आणि शिक्षणसंस्थांतून अलीकडे एका नव्या तऱ्हेची यंत्रे शेकड्यांनी जन्मास येत आहेत, आणि त्यांचे बारसे करताना हा भेद पुष्कळदा विसरला जातो.

ही यंत्रे म्हणजे आभासी डेस्कटॉप. टेबलावर पडदा आणि कळफलक दिसतो. परंतु ज्यात काम चालते तो संगणक तेथे नसतोच. तो दूर कोठे तरी, थंड हवा खेळविलेल्या खोलीतील एका बलाढ्य सर्व्हरच्या पोटात असतो. सर्व्हरची स्मृती आणि गणनशक्ती वाटून देऊन त्यातून अनेक संगणक उभे केलेले असतात, आणि पडद्यासमोर बसलेल्या प्रत्येकाला आपल्यापुढे स्वतंत्र संगणक आहे असेच वाटते. असे एकसारखे पुष्कळ डेस्कटॉप एका समूहात ठेवतात. व्यवसायातील लोक या समूहाला 'पूल' म्हणतात. परंतु मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे नदीवरचा पूल उभा राहू नये म्हणून मी येथे 'ताफा' हा आपला शब्द वापरतो.

ताफ्यातील यंत्रे एकेक करून घडवीत नाहीत. गणपतीच्या मूर्ती जशा एका साच्यातून निघतात, तशी एका आदर्श प्रतीवरून शेकडो यंत्रे काढली जातात. ताफेही दोन प्रकारचे असतात. एका प्रकारात प्रत्येक यंत्र एकेका माणसाला कायमचे नेमून दिलेले असते. त्याच्या फायली, त्याची मांडणी त्यात टिकून राहते. दुसरा प्रकार फिरत्या ताफ्याचा. त्यात जो येईल त्याला मोकळे असेल ते यंत्र मिळते. तो उठून गेला की पुष्कळ ठिकाणी ते यंत्र मोडून टाकतात आणि त्याच नावाचे कोरे यंत्र साच्यातून पुन्हा काढतात.

म्हैसूरसारख्या गावी याची कल्पना करणे अवघड नाही. २००५ साली इन्फोसिस कंपनीचे मोठे प्रशिक्षण केंद्र येथे सुरू झाले, आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून नुकतीच इंजिनिअर झालेली मुले या राजनगरीत शिकावयास येऊ लागली. अशा गावातील कोणत्याही एका संस्थेत तीनशे यंत्रांचा फिरता ताफा आहे असे समजू. सकाळी एक तुकडी बसते, दुपारी दुसरी. या तीनशे यंत्रांना नावे काय द्यावी?

नाव काहीही दिले म्हणून काय बिघडणार आहे, असे वाटण्याचा संभव आहे. काय बिघडते ते पाहू. परीक्षा चालू आहे. एका मुलीचा पडदा गोठतो. ती मदतीसाठी फोन करते आणि पडद्याच्या कोपऱ्यातील नाव वाचून दाखविते, 'बी पंधरा'. पलीकडच्या व्यवस्थापकाला ऐकू येते 'डी पंधरा'. तो तत्परतेने ते यंत्र मोडून नवे उभे करतो. मुलीचा पडदा गोठलेलाच राहतो. आणि दुसऱ्या खोलीत, डी-पंधरावर शांतपणे प्रश्न सोडवीत बसलेल्या एका मुलाची, जतन न केलेली तासाभराची उत्तरे दिसेनाशी होतात. त्याचा काही अपराध नव्हता. व्यवस्थापकही निष्काळजी नव्हता. अपराध झाला तो काही महिन्यांपूर्वी, ज्या दिवशी कोणी तरी दोन ताफ्यांना 'बी' आणि 'डी' अशी नावे दिली त्या दिवशी. टेलिफोनवर ही दोन अक्षरे एकमेकांत मिसळतात हे आपण सारेच जाणतो. म्हणूनच आपण 'बी फॉर बॉम्बे, डी फॉर दिल्ली' असे म्हणतो.

तेव्हा पहिली कसोटी कानाची. यंत्राचे नाव लिहिले जाते थोडे आणि उच्चारले जाते फार. डोळ्यांची कसोटी त्याच्या मागोमाग येते. रोमन लिपीतील 'ओ' आणि शून्य, 'आय' आणि एक हे पडद्यावर जुळ्या भावंडांसारखे दिसतात. त्यांना एका नावात शेजारी बसवू नये.

यापुढे येतात त्या यंत्रविद्येने घातलेल्या मर्यादा. विंडोज चालविणाऱ्या यंत्राचे नाव पंधरा अक्षरांपेक्षा लांब असू नये असा दंडक आहे. पंधराच का? १९८३ साली आयबीएमच्या लहान संगणकांच्या जाळ्यासाठी 'नेटबायोस' नावाची एक व्यवस्था तयार झाली. तीत प्रत्येक नावासाठी सोळा जागा होत्या. मायक्रोसॉफ्टने त्यांपैकी सोळावी जागा सेवेचा प्रकार दर्शविण्यासाठी राखून ठेवली, उरल्या पंधरा. यंत्रे बदलली, जाळी बदलली, इंटरनेटच्या नामव्यवस्थेने नावाच्या एकेका घटकाला त्रेसष्ट अक्षरांपर्यंत मुभा दिली; परंतु जुन्या वाड्याच्या ठेंगण्या दरवाज्यासारखी ही मर्यादा राहून गेली, आणि आजही आत शिरताना वाकावेच लागते.

न वाकल्यास काय होते? लांब नावाचे शेपूट कापले जाते. आणि ताफ्यात यंत्राचा क्रमांक बहुधा शेपटाकडेच असतो! लांबलचक नावाच्या शेवटी एक, दोन, तीन असे आकडे असले आणि तेच गळून पडले, तर तीन यंत्रे एका नावाची होतात. काही साधने अशी नावे स्वीकारीतच नाहीत, हा त्यांचा उपकारच म्हणावयाचा. याशिवाय नावात रोमन अक्षरे, अंक आणि जोडरेघ एवढ्यांनीच भागवावे. आरंभी वा शेवटी जोडरेघ नसावी. नुसते अंकही नसावेत. आणि लहान लिपी व मोठी लिपी यांत जाळे भेद मानीत नाही, हे ध्यानात ठेवावे.

पंधरा अक्षरे म्हणजे श्रीमंती नव्हे. ती कशावर खर्च करावयाची हाच खरा प्रश्न आहे. व्यवस्थापकाला मोह होतो की नावातच सारे सांगून टाकावे. गाव, इमारत, खाते, प्रकल्प, यंत्रप्रणालीची आवृत्ती, बसणाऱ्याचे नाव. यांतील एकेक गोष्ट तपासून पाहिली म्हणजे बऱ्याचशा गळून पडतात.

गावापासून आरंभ करू. १ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटक शासनाने 'मैसूर'चे अधिकृत रूप 'मैसूरु' केले. ज्या संस्थेने आपल्या यंत्रांच्या नावात गावाचे जुने इंग्रजी रूप पुरतेपणी लिहिले होते, तिची नावे त्या दिवशी शिळी झाली. रेल्वेच्या दप्तरात मात्र स्थानकाची खूण 'एमवायएस' अशी तीनच अक्षरांची आहे. ती पूर्वी चालत होती, आजही चालते. मुंबईचे नाव १९९५ साली बदलले, तरी विमानतळाची खूण 'बीओएम' कायम आहे. खूण जितकी अर्थाने तोटकी, तितकी ती काळाचे तडाखे सोसते, असा याचा इत्यर्थ. आणखी एक विचार येथे केला पाहिजे. नावातले म्हैसूर म्हणजे बसणाऱ्याचे म्हैसूर की सर्व्हरचे? सर्व्हर उद्या बेंगळुरास हलविला तर ते नाव खरे राहील काय? ज्या संस्थेच्या शाखा अनेक शहरी आहेत आणि सर्वांची नोंदवही एकच आहे, तिने शहराची खूण अवश्य घालावी. परंतु ती बसणाऱ्याच्या शहराची आहे एवढे एकदाच ठरवून लिहून ठेवावे. ज्या संस्थेचे सारे बिऱ्हाड एकाच गावी आहे, तिने ही तीन अक्षरे वाचवावी.

खाते आणि प्रकल्प यांची आयुष्ये त्याहून अल्प. खाती एकमेकांत विलीन होतात, प्रकल्प संपतात, आणि मग लेखाविभागाच्या नावाचे यंत्र ग्रंथालयात चालू लागते. 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' ही म्हण आपण माणसांसाठी वापरतो. यंत्रांना ती अधिक लागू पडते, कारण यंत्र हसून वेळ मारून नेऊ शकत नाही. शिवाय ज्या यंत्रांवर पगाराचे वा पैशाचे काम चालते, त्यांच्या नावातच तसे लिहून ठेवणे म्हणजे चोराला तिजोरीची खोली दाखविणे होय. यंत्रप्रणालीच्या आवृत्तीचेही असेच आहे. साचा बदलला की ती बदलणार. नाव मात्र मागे राहणार.

माणसाचे नाव यंत्राला द्यावे काय? नेमून दिलेल्या ताफ्यात हा मोह विशेष होतो. ते आपुलकीचे दिसते, आणि फोनवर ओळखही चटकन पटते. परंतु माणूस नोकरी सोडून जातो, यंत्र दुसऱ्याकडे येते, आणि नवा मनुष्य वर्षभर गेलेल्याच्या नावाखाली काम करीत राहतो. त्याहून महत्त्वाचे असे की, यंत्राचे नाव अनेक नोंदींतून, अनेकांच्या डोळ्यांखालून जाते. कोण कोठे केव्हा काम करीत होते हे सर्वांना कळण्याचे काही कारण नाही. फिरत्या ताफ्यात तर हा प्रश्नच उद्भवत नाही. तेथे यंत्राला धनीच नसतो.

या विषयावर फार पूर्वी एक शहाणपणाचे टिपण लिहिले गेले आहे. इंटरनेटच्या जडणघडणीची जी टिपणे क्रमांकाने प्रसिद्ध होतात, त्यांतील १९९० साली प्रसिद्ध झालेले ११७८ क्रमांकाचे टिपण डॉन लिबिस यांचे आहे, आणि त्याचा विषय संगणकाला नाव कसे निवडावे हाच आहे. स्वतःचे नाव देऊ नका, प्रकल्पाचे देऊ नका, दोन तऱ्हांनी लिहिले जाणारे शब्द टाळा, रोजच्या बोलण्यातले शब्द टाळा, असा त्यातील उपदेश आहे. एका ठिकाणी यंत्राला 'अप' असे नाव दिल्यामुळे, 'अप डाउन आहे काय?' असे विचारण्याची पाळी कशी आली, ही हकीगतही त्यात आहे. टिपण लिहिले त्या काळी संगणक थोडे होते आणि प्रत्येकाला प्रेमाने नाव देता येत असे. शेकडो यंत्रे एका दिवसात उपजतात आणि संध्याकाळी मोडली जातात, ही अवस्था पुढची आहे.

या पुढच्या अवस्थेसाठी संगणकक्षेत्रात एक उपमा रूढ झाली आहे. काही यंत्रे पाळीव प्राण्यांसारखी, त्यांना नावे द्यावी. काही खिल्लारासारखी, त्यांना क्रमांक द्यावा. म्हैसूरकराला ही उपमा परकी वाटू नये. दसऱ्याच्या मिरवणुकीत साडेसातशे किलो वजनाची सोन्याची अंबारी वाहणारा हत्ती साऱ्या गावाला नावाने ठाऊक असतो. बलराम, त्याच्यामागून अर्जुन, आणि २०२० पासून अभिमन्यू. त्याच्या जागी दुसरा कोणताही हत्ती चालत नाही; तो आजारी पडला तर गाव हळहळते. उलट म्हैसूर राज्याचे अमृतमहाल खिल्लार एकेका बैलाच्या नावाने नव्हे, तर खिल्लाराच्या नावाने इतिहासात राहिले. फिरत्या ताफ्यातील यंत्र हे खिल्लारातले आहे. त्याला बलराम, अर्जुन अशी नावे देत बसलो तर तीनशे नावे पुरावयाची नाहीत. आणि पुरली, तरी अर्जुन कोठल्या ताफ्यातला हे सांगता येणार नाही.

तेव्हा वाटणी अशी पडते. ताफा टिकाऊ, त्याला शब्द द्यावा. यंत्र क्षणभंगुर, त्याला क्रमांक द्यावा. म्हैसूरच्या वस्त्यांनीही हेच केले आहे. सरस्वतीपुरम हे नाव वस्तीचे. आत शिरले की पाचवा मेन, सातवा क्रॉस. नुसते आकडेच असते तर कोणत्या वस्तीचा सातवा क्रॉस हे कळले नसते, आणि प्रत्येक गल्लीला देवाचे नाव असते तर नव्या टपालवाल्याची धडगत नव्हती.

शब्द कोणता निवडावा? लहान, स्पष्ट, आणि एकाच तऱ्हेने लिहिला जाणारा. म्हैसूरकराच्या ओठांवर प्रथम 'कावेरी' येईल. परंतु हे नाव इंग्रजीत 'के'नेही लिहितात आणि 'सी'नेही लिहितात. फोनवर ऐकणारा चुकीचे रूप शोधीत बसेल. त्यापेक्षा नंजनगुडाजवळून वाहणारी 'कपिला' बरी. रोमनमध्ये सहा अक्षरे, आणि उच्चार खणखणीत. दुसऱ्या ताफ्याला तिच्याशी न मिसळणारे नाव द्यावे. 'कमला' देऊ नये.

आता क्रमांक. ताफा उभारण्याच्या साधनांत नावाचा नमुना लिहून द्यावा लागतो, आणि त्यात क्रमांकाची जागा व रुंदी सांगता येते. रुंदी ठरलेली असावी. एक, दोन, तीन असे मोकळे आकडे घातले तर यादी लावताना एकच्या मागून दहा, अकरा आणि मग पुष्कळ वेळाने दोन येतो. ००१, ००२ असे लिहिले म्हणजे रांग सरळ लागते. दोनच अंक ठेवले तर नव्व्याण्णवापाशी अडते; आज साठ यंत्रे असली तरी तीन अंकांची जागा ठेवावी. नमुना नंतर बदलता येतो, परंतु आधीच्या यंत्रांची नावे त्यामुळे आपोआप बदलत नाहीत; आणि मग एका ताफ्यात दोन कुळे नांदू लागतात.

जोडरेघेची बचत करणाऱ्यांसाठीही एक इशारा. 'कपिला' आणि 'कपिला१' असे दोन ताफे आहेत असे समजा. पहिल्यातील एकशेएकावे यंत्र 'कपिला१०१'. दुसऱ्यात दोन अंकी क्रमांक असेल तर त्यातील पहिले यंत्रही 'कपिला१०१'. नोंदवही एका नावाची दोन यंत्रे घेत नाही, आणि दुसरा ताफा अर्ध्यावर का थांबला हे शोधण्यात दिवस जातो. मध्ये एक जोडरेघ असती तर हा घोटाळा झालाच नसता. 'कपिला-१०१' या नावास रोमनमध्ये दहाच अक्षरे लागतात. पाच शिल्लक राहतात.

मग गाव, खाते, साचा, प्रकल्प ही माहिती जावयाची कोठे? ती जावयाची नोंदवहीत. कपिला हा ताफा कशासाठी, कोणत्या साच्यातून, कोणत्या जाळ्यावर, केव्हा उभारला, हे तेथे लिहावे आणि बदलेल तसे खोडून पुन्हा लिहावे. नाव ही त्या नोंदवहीची किल्ली होय. किल्लीवर सारे घर कोरून ठेवण्याचे प्रयोजन नाही. आणि फिरत्या ताफ्यात एवढे विसरू नये की, नाव हे एस. टी.च्या बसमधील आसनाच्या क्रमांकासारखे असते. काल सकाळी 'कपिला-०२७' वर बसलेली मुलगी वेगळी आणि आज दुपारी बसलेला मुलगा वेगळा. यंत्रही वेगळे, केवळ आसन तेच. तेव्हा काही अनुचित घडले आणि शोध करावा लागला, तर नाव, दिवस आणि वेळ ही तिन्ही मिळूनच माणसाची ओळख पटते. केवळ नावावर विसंबून कोणावर ठपका ठेवणे हा अन्याय ठरेल. निरपराध मनुष्याचे नाव त्यात सहज गुंतावयाचे.

राहता राहिली ती पडद्यासमोर बसणारी व्यक्ती. तिला 'कपिला-०२७' शी आरंभी काही कर्तव्य नसते. सुदैवाने ताफ्याला वापरणाऱ्यासाठी वेगळे, वाचावयाचे नाव देण्याची सोय या साधनांत असते. 'प्रशिक्षण वर्ग' किंवा 'ग्रंथालय' असे सरळ नाव तेथे द्यावे. ते हवे तेव्हा बदलावे. कोणतेही यंत्र त्यामुळे अडत नाही. आणि दप्तरातले नाव पडद्याच्या एका कोपऱ्यात ठळक दिसेल असे ठेवावे, म्हणजे अडचणीच्या वेळी ते अचूक वाचून दाखविता येईल.

म्हैसूरच्या त्या घरातील लहानशा केंद्राचे नाव देशाने उचलले, ते श्रोत्याच्या मनात अर्थ जागा करणारे होते म्हणून. 'व्हीयूबी' ही खूण टिकली, ती अर्थाच्या भानगडीत फारशी पडली नाही म्हणून. दोन्ही नावे आपापल्या जागी योग्य होती. नवा ताफा उभारणाऱ्या व्यवस्थापकाने नमुना लिहिण्यापूर्वी एवढेच करावे. ठरविलेले नाव शेजारच्या खोलीतील सहकाऱ्याला फोनवरून एकदा वाचून दाखवावे आणि त्याने काय लिहून घेतले ते पाहावे. कागदावर तेच नाव उतरले असेल तर बारसे करावयास हरकत नाही. परीक्षेस बसलेल्या त्या मुलाचा एक तास तेवढ्याने वाचेल.